तलवारीचं गाव कोणतं?



जुनी युरोपीय तलवार समोर आली की आपली नजर आधी धारेकडे जाते. आज आपण नक्षीकडे पाहू, कारण तलवार कुठली हे नक्षीच सांगते. फक्त पात्यावरच्या प्रत्येक खुणेला वेगळं विचारावं लागतं.

१८०० च्या सुमाराची इंग्रज अधिकाऱ्याची तलवार डोळ्यांसमोर आणा. पात्याचा मुठीकडचा भाग गडद निळा आहे. पोलाद बेतानं तापवून हा रंग आणलेला असतो. त्यावर सोनेरी वेलबुट्टी, मुकुट आणि त्याखाली जी, आर ही अक्षरं, म्हणजे राजा जॉर्ज. शेजारी राजचिन्हाची ढाल. ती नीट निरखा. इंग्लंडचे सिंह, स्कॉटलंडचा सिंह, आयर्लंडची हार्प आणि एका चौकटीत लिलीची तीन फुलं! लिली तर फ्रान्सच्या राजघराण्याची. मग तलवार फ्रेंच का? नाही. इंग्लंडचे राजे शतकानुशतकं फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगत, म्हणून ही फुलं मिरवत. १८०१ साली ती राजचिन्हातून गेली. तेव्हा लिली असेल, तर नक्षीची रचना त्याआधीची.

आता त्याच पात्याची पाठ पाहा. तिथे बारीक अक्षरांत ‘जे. जे. रुंकेल, झोलिंगेन’ असं कोरलेलं अनेकदा सापडतं. झोलिंगेन जर्मनीतलं, तिथली पाती रुंकेल लंडनला आणून विकत असे. राजचिन्ह सांगतं तलवार कोणासाठी घडली. पाठीवरचं नाव सांगतं पातं कुठून आलं.

पण खुणांचीही नक्कल होते. डॅन्यूबकाठच्या पासाऊचे कारागीर पात्यावर धावता लांडगा कोरत. छिन्नीच्या मोजक्या रेघा, त्यांत पितळ भरलेलं. या पात्यांचा लौकिक एवढा वाढला, की झोलिंगेनवालेही तोच लांडगा कोरू लागले. म्हणून एकट्या लांडग्यावरून निकाल देऊ नये. रेघांची ढब, शेजारची अक्षरं आणि पात्याचा घाट, सगळ्यांची साक्ष जुळली पाहिजे.

आपल्याकडच्या फिरंग या मराठा तलवारीचंही असंच. अनेक फिरंगांचं पातं युरोपातून आलेलं आणि मूठ इथली. त्या पात्यांवरच्या दातेरी चंद्रकोरीसारख्या खुणा पुढे इथल्या लोहारांनीही उतरवल्या. तेव्हा संग्रहालयात फिरंगेसमोर उभे राहाल, तेव्हा मूठ पाहून पुढे जाऊ नका. पात्यावरची खूण शोधा आणि ती मुळातली की उतरवलेली, हे स्वतः ताडून पाहा. एका तलवारीत दोन-तीन गावांचे हात असतात. प्रत्येक हाताचं श्रेय त्याला मिळालं, की ती तलवार आपल्याला खरी कळली.