वरिष्ठाचे मन आणि गोपनीय शेरा



आज मी आपणांसमोर एका लहानशा कागदाविषयी बोलणार आहे. सरकारी कचेरीत त्यास गोपनीय अहवाल म्हणत आले आहेत. वरिष्ठ त्यावर वर्षातून एकदा दोन-चार शब्दांचा शेरा लिहितो. परंतु त्या शब्दांवर कनिष्ठाची बढती अवलंबून असते.

हा शेरा कोठून येतो? आपण म्हणाल, कामावरून. पुष्कळदा तो वरिष्ठाच्या मनात आधीच तयार असतो. डग्लस मॅकग्रेगर या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली आपल्या ग्रंथात हेच मांडले. माणूस मुळात कामचुकार आहे असे जो गृहीत धरतो, तो धाकाने व पहाऱ्याने काम करून घेतो. माणूस जबाबदारी पेलतो असे जो मानतो, तो विश्वासाने काम सोपवितो.

पहिल्या वरिष्ठाच्या हाताखाली काय घडते ते पाहा. तो कारकुनास महत्त्वाची फाईल देत नाही. फाईल नाही म्हणून अनुभव नाही; अनुभव नाही म्हणून चूक होते; आणि चूक झाली की साहेब म्हणतात, 'मी म्हणत होतोच!' ग्रह स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करतो. येथे फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच!

कायदा कोणाचे मन बदलू शकत नाही. परंतु ते कागदावर उतरले की त्यास जाब विचारू शकतो. सीमा रस्ते सेवेतील एका अभियंत्यास १९९३-९४ सालासाठी 'चांगला' असा शेरा मिळाला. बढतीस 'अतिशय चांगला' हवा होता. शेरा त्यास कळविलाच नाही, आणि बढती हुकली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शेरा चांगला असो वा वाईट, तो सरकारी कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे. तोवर तो अभियंता निवृत्त झाला होता! २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे तत्त्व कायम केले.

म्हणून आपल्या घरात जो सरकारी नोकरीत असेल त्यास सांगा: शेरा मागून घ्या. अन्यायाचा वाटल्यास मुदतीत लेखी अभिवेदन द्या. केलेल्या कामाची नोंद तारखेनिशी जवळ ठेवा. रागाचे शब्द हवेत विरतात, कागद राहतो.

आणि आपली मुले स्वतः वरिष्ठाच्या खुर्चीवर बसतील तेव्हा? शेरा लिहिण्यापूर्वी त्यांनी स्वतःस एवढेच विचारावे: या माणसाला काम करून दाखविण्याची संधी मी दिली होती काय?