कावड कुणाच्या खांद्यावर?



मी गोदीत ओझं उचलतो आणि कविता लिहितो. आज कविता वाचणार नाही. आज म्हाताऱ्या माणसाच्या गू-मुताबद्दल बोलायचंय. ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी मुरडावं.

आपल्या वस्तीत हिंडा. कुणाचा बाप पक्षाघातानं आडवा पडलाय, कुणाच्या आजीचे डोळे गेलेत, कुणा माथाड्याचे मणके झिजलेत. गोणी वाहून, गटारं उपसून, खडी फोडून आलेलं हे म्हातारपण. साहेब लोक साठीत फिरायला जातात, आपला माणूस पन्नाशीत भिंत धरतो. त्याला उठवतं कोण, धुतं कोण? सून, नाहीतर पोरगी. माझ्या बापापायी माझ्या बहिणीनं धुण्याभांड्याची कामं सोडली. तिच्या या कामाला हजेरी नाही, सुट्टी नाही आणि पगार तर नाहीच.

सरकार काय देतं? केंद्राचं अपंग निवृत्तिवेतन महिना ३०० रुपये. तेही दारिद्र्यरेषेखाली असाल आणि अपंगत्व ८० टक्के असेल तरच. २०१२ पासून आकडा हललेला नाही. वय ८० झालं की तोच माणूस अपंगांच्या यादीतून वृद्धांच्या यादीत जातो. राज्याच्या संजय गांधी निराधार आणि पासष्टीनंतरच्या श्रावणबाळ योजनेत दिव्यांगांचे १,५०० चे २,५०० झाले, ऑक्टोबर २०२५ पासून. घ्या, हक्काचे आहेत. पण सांभाळणाऱ्या बाईचा त्यात छदाम धरलेला नाही. नावच बघा ना, श्रावणबाळ! म्हणजे कावड पोरानंच वाहायची. त्या पोराला राजाचा बाण लागला, हे मात्र योजनेत कुणी सांगत नाही.

तिजोरीत पैसा नाही म्हणतात. मग हे ऐका. सरकारी सेवेत शंभर टक्के अपंग झालेल्याला सोबतीला सतत माणूस लागत असेल, तर सरकार त्याचा वेगळा भत्ता देतं. जुलै २०१७ ला तो महिना ६,७५० केला. द्यावाच. पण माणसाला माणूस लागतो हे सरकारला कळतं, एवढं त्यातून सिद्ध झालं. गोणी वाहणाऱ्याच्या वेळीच ते का कळत नाही?

घटनेचं कलम ४१ म्हातारपण, आजारपण, अपंगत्वात सरकारी मदतीबद्दल बोलतं. 'ऐपतीच्या मर्यादेत' असंही तिथं आहे, त्याच्याच आड सगळे लपतात. म्हणून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा हातात घ्या. कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्ता लिहिलाय. केरळनं आश्वासकिरणम् योजनेत सांभाळणाऱ्याला महिना ६०० ठरवले. थोडे आहेत, पण तिचं काम सरकारी कागदावर तरी आलं. आपल्याकडं ते कधी येणार?

आता कामाचं बोलतो. पहिला कागद अपंगत्वाचा दाखला, किमान ४० टक्क्यांचा. तपासणीच्या दिवशी घात होतो तो इथं. डाक्टर विचारतो, "बाबा, चालता का?" बाप मान ताठ करून म्हणतो, "हो साहेब." जन्मभर मुकादमापुढं दुखणं लपवलं, कारण दुखणं दिसलं की हजेरी गेली. तीच सवय डाक्टरपुढं आडवी येते आणि टक्के कमी पडतात. म्हणून बापाला एकटं पाठवू नका. संडासला कोण नेतं, घास कोण भरवतं, रात्री किती वेळा कुशीवर वळवावं लागतं, हे आठवडाभर वहीत लिहा आणि वही सोबत न्या. खोटं एक अक्षर नको, लपवलेलंही एक अक्षर नको.

दाखला मिळाला की कलम ३८. जास्त आधार हवा असेल तर स्वतः माणूस अर्ज करू शकतो, त्याच्या वतीनं दुसरा कुणीही करू शकतो, आणि संघटनाही करू शकते. संघटना! हा शब्द कायद्यात छापलाय. मग आपण नुसत्या घोषणा द्यायला आहोत काय?

प्रत्येक शाखेनं आपल्या गल्लीतल्या अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करावी. अर्ज संघटनेच्या नावानं जाऊ द्या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आणि अर्जात सांभाळणाऱ्या बाईचं नाव लिहा, तिनं सोडलेली मजुरी लिहा.

ज्यांनी या शहराचं ओझं वाहिलं, त्यांना उचलायचा खर्च या शहरानंच द्यायचा आहे. भीक मागायला नाही, थकबाकी वसूल करायला चला.

जय भीम!