परदेशी तळे आणि कणकेची गोळी



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्यासपीठावरून मासे धरण्याविषयी बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने आपल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोदास स्वतंत्र स्थान दिले आहे. तेथे आमच्यासारख्या सरकारी नोकराने संकोच का करावा?

आमचे मूळ गाव दुष्काळी माणदेशातले. गळ प्रथम हाती धरला तो २००१ साली बदलीने कोलकात्यास आल्यावर, शेजारच्या बंगाली गृहस्थांच्या आग्रहाने. त्यांनी पहिला धडा दिला तो 'चार' आणि 'टोप' यांतील भेदाचा. चार म्हणजे मासे जमावेत म्हणून पाण्यात टाकावयाचे खाद्य, आणि टोप म्हणजे प्रत्यक्ष गळास लावावयाचे आमिष. मोहरीची पेंड, भाजलेली मेथी असे काय काय एकत्र मुरवून ते चार सिद्ध करीत. आमचे चिरंजीव तेव्हा सात वर्षांचे. रविवारी पुकुराच्या काठी शेजारी बसून ते कणकेच्या गोळ्या वळीत.

पुढे मुलगा शिक्षणासाठी इंग्लंडला गेला, तेथेच नोकरीस लागला. हळूहळू दूरध्वनीवरचे बोलणे हवापाण्यापुरते उरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खात्याची रीतसर परवानगी घेऊन आम्ही उभयता त्याच्याकडे केंब्रिजशायरमध्ये गेलो. 'आता परत ये' असे सांगण्याचा निश्चय करूनच गेलो होतो. आठ दिवस लोटले तरी शब्द ओठांवर येईना. नवव्या दिवशी त्यानेच विचारले, "बाबा, गळ टाकायला येता?"

तिकडे सरकारी परवान्यावाचून तळ्यातही गळ टाकता येत नाही; मालकाचे दिवसाचे तिकीट आणखी वेगळे. (परवाने देण्यात हयात गेली, घेण्याचा प्रसंग हा पहिलाच!) दुकानातील तयार आमिषे आम्हांस अवाजवी महाग वाटली. घरात कणीक, बेसन व हिंग होते. कणीक तिंबून, हिंग घालून आम्ही मोठ्या विश्वासाने तळ्यावर गेलो आणि तीन तास तरंगत्या बुचाकडे पाहत बसलो. मासा फिरकला नाही.

चूक आमची होती. पोळीसाठी तिंबावी तशी कणीक तिंबल्याने तिला चिवटपणा आला होता. तळ्यातला कार्प हा आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. खाद्य तो आधी तोंडात ओढून घेतो, चाचपतो आणि संशय येताच थुंकून टाकतो. रबरासारखी गोळी तो कशाला गिळेल? शिवाय ती पाण्यात विरघळत नाही, म्हणजे वासही पसरत नाही.

तेव्हा फराळाच्या डब्यातला पाव कामी आला. कडा काढून आतला गाभा ओलसर केला, पिळला, थोडे बेसन आणि मध घालून कानाच्या पाळीइतका मऊ गोळा मळला. पाव आणि मध ही युक्ती आमची नव्हे. १६५३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात आयझॅक वॉल्टनने कार्पसाठी ती सांगून ठेवली आहे. बेसन मात्र आमचे. चार म्हणून डब्यातले मक्याचे दाणे मूठभर फेकले.

अर्ध्या तासात बूच एकदा थरथरले, तिरके झाले आणि नाहीसे झाले.

"टान, बाबा, टान!" मुलगा ओरडला. अठरा वर्षांपूर्वी पुकुराच्या काठी असाच ओरडत असे तो.

मासा सुमारे दोन किलोचा असावा. तळ्याच्या नियमाप्रमाणे तो पुन्हा पाण्यात सोडावयाचा होता. ओल्या चटईवर ठेवून गळ सोडविताना, वर न पाहता मुलगा म्हणाला, "पहिली नोकरी दीड वर्षापूर्वीच गेली, बाबा. आताची आहे ती निम्म्या पगाराची. तुम्हांला कसं सांगायचं, तेच कळत नव्हतं."

आम्ही निश्चय करून आणलेले वाक्य तसेच राहिले. त्या क्षणी ते उच्चारणे म्हणजे त्याला हरलेला ठरविणे झाले असते. आम्ही म्हणालो, "पीठ सुकत चाललंय. जरा पाण्याचा हात लाव." त्याने लावला, आणि मग अंधार पडेपर्यंत तो बोलत राहिला.

रात्री सौभाग्यवतींनी हळूच विचारले, "बोललात का त्याच्याशी?"

"उद्या पुन्हा जायचं आहे," आम्ही म्हणालो. "पाव थोडा जास्त बांधून दे."