बंद पाळण्यांची कैफियत

आपल्या जत्रेत पाळणा बिघडला की पाळणेवाला पैसे तरी परत देतो. फ्लोरिडात, ऑरलँडोच्या एका उद्यानात, आम्ही भरमसाट तिकीट काढून आत शिरलो, तो नातवाचे आवडते रोलर कोस्टर महिनाभर दुरुस्तीसाठी बंद! दुपारी ढग गडगडताच उघड्यावरचे बाकीचे पाळणेही थांबले. त्याबद्दल तक्रार नाही. अमेरिकेत सर्वांत जास्त विजा पडणाऱ्या राज्यांत फ्लोरिडा मोडते, आणि उन्हाळ्यात दुपारचे वादळ तिथे नित्याचेच. अशा वेळी उंच लोखंडी सांगाड्यावर माणसे कोण बसवील? पण दुरुस्ती आधीच ठरलेली असते. ती तिकिटाच्या खिडकीवर सांगायला काय हरकत होती? तसे मी तिथल्या बाईला स्पष्ट सुनावले. तिने हसून उद्याचा पास दिला. आमचे विमान त्याच रात्रीचे होते.