रुग्णवाहिकेतील सेवा : एक उपेक्षित विद्या

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या मंडळाचा विद्यार्थी-सहाय्यक निधी आजवर बहुतांशी पदवीच्या शिक्षणासाठी खर्च होत आला आहे. मुलाने डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, ही आईबापांची इच्छा स्वाभाविकच आहे. परंतु त्या दोन दारांबाहेर राहिलेल्या मुलामुलींना योग्य असा एक मानाचा व्यवसाय आपल्या दृष्टीआड राहतो. आपत्कालीन वैद्यकीय सेवा हा तो व्यवसाय. त्याच्या शिक्षणाच्या पायऱ्या मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

रुग्णवाहिका म्हणजे रोग्याला इस्पितळात पोहोचविणारी गाडी, ही समजूत आता जुनी झाली. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिने गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या तासास 'गोल्डन अवर' म्हणून कायद्यात स्थान दिले. हृदय बंद पडले तर तासाची नव्हे, मिनिटांचीच मुदत असते. अशा वेळी मोठ्या माणसाची छाती मिनिटास १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावी लागते. रक्तस्राव थांबविणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, मानेला धक्का न लावता जखमीस उचलणे, ही कामे केवळ सद्भावनेने साधत नाहीत. त्यासाठी हाताला वळण लागावे लागते.

१०८ क्रमांकाची सेवा प्रथम २००५ साली हैदराबादेत सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ साली ९३७ वाहनांनिशी आली. त्यांपैकी २३३ वाहनांत प्रगत उपचारांची साधने होती. इतर अनेक राज्यांत अशा गाडीवर तंत्रज्ञ आणि चालक असे दोघे असतात. आपल्या राज्याने मात्र गाडीत डॉक्टर ठेवण्याची पद्धत स्वीकारली. आयुर्वेदाच्या अनेक पदवीधरांना त्यामुळे सेवेचे क्षेत्र लाभले. तंत्रज्ञ होऊ इच्छिणाऱ्याने मात्र हे ध्यानी धरून खाजगी इस्पितळे, कारखाने आणि परराज्ये यांकडेही पाहावे.

आता पायऱ्या पाहू. पहिली पायरी प्रथमोपचाराची. सेंट जॉन अँब्युलन्स आणि रेड क्रॉस या संस्थांचे वर्ग अल्प मुदतीचे असतात. हा वर्ग व्यवसायासाठी पुरेसा नाही. पण रक्त पाहून आपले मन स्थिर राहते की नाही, हे अजमावण्यास उत्तम आहे.

दुसरी पायरी तंत्रज्ञाच्या मूलभूत अभ्यासक्रमाची. त्यासाठी बारावीपर्यंत विज्ञान शिकलेले असावे. येथे प्राणवायू देणे, मोडलेल्या हाडास आधार बांधणे, अडलेल्या बाळंतिणीस साहाय्य करणे आणि रोग्याच्या स्थितीची अचूक नोंद ठेवणे शिकवितात. इस्पितळाच्या अपघात विभागात आणि प्रत्यक्ष गाडीवर काढलेले तास हा या शिक्षणाचा प्राण होय.

तिसरी पायरी पदविका अथवा पदवीची. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञास स्थान दिले. संलग्न आरोग्य व्यावसायिकाचे शिक्षण किमान २,००० तासांचे आणि दोन ते चार वर्षांत विभागलेले असावे, असे हा कायदा सांगतो. व्यावसायिकांच्या नोंदवहीचीही त्यात तरतूद आहे. वकिलास सनद, डॉक्टरास नोंदणी, तसेच आता या व्यवसायासही स्थान मिळाले आहे.

चौथी पायरी कधीच संपत नाही. 'बेसिक लाइफ सपोर्ट' आणि त्यापुढील 'अ‍ॅडव्हान्स्ड कार्डिअ‍ॅक लाइफ सपोर्ट' यांची अमेरिकन हार्ट असोसिएशनची प्रमाणपत्रे दोन वर्षांनी संपतात आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ज्या हातांवर प्राण अवलंबून, त्या हातांना गंज चढू नये, हाच यातील हेतू.

पालकांनी एक सावधगिरी अवश्य बाळगावी. आकर्षक जाहिरातींना भुलून शुल्क भरू नये. तीन प्रश्न आधी विचारावेत : प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे, मंडळाचे किंवा परिषदेचे? इस्पितळात आणि गाडीवर किती तास, व कोणाच्या देखरेखीखाली? मागील वर्षांचे विद्यार्थी आज कोठे काम करीत आहेत? या प्रश्नांची उत्तरे लेखी देण्यास जी संस्था कां-कूं करते, तिच्या दारातून परत फिरावे.

या मार्गातील काटे मी लपविणार नाही. रात्रपाळी आहे, आरंभीचे वेतन बेताचे आहे, अनेक ठिकाणी नेमणूक कंत्राटी आहे. "मुलीने गाडीवर का जावे?" असेही कोणी विचारील. त्यास माझे उत्तर असे की, मध्यरात्री अडलेल्या स्त्रीला गाडीत एक शिकलेली स्त्री दिसली, तर तिला केवढा धीर येईल, याचा विचार करावा.

म्हणून कार्यकारी समितीस माझी नम्र विनंती आहे. निधीच्या नियमांत 'पदवी' या शब्दापुढे 'अथवा मान्यताप्राप्त आरोग्यसेवा प्रमाणपत्र' एवढे शब्द घालावेत आणि फेरपरीक्षेच्या शुल्कासही साहाय्य द्यावे. खर्च थोडा आहे. त्यातून तयार होणारे तरुण संकटाच्या वेळी ज्यांच्याकडे धावून जातील, ते कोणत्या ज्ञातीचे आहेत हे कोणी विचारणार नाही. आपल्या मंडळाच्या पैशाचा याहून थोर विनियोग मला तरी दिसत नाही.