मोबाइलचा कान

खिशातला स्मार्टफोन बिघडला की आपल्या मनात पहिला विचार येतो तो नव्या फोनचा. घरातल्या पंख्याचा कपॅसिटर गेला म्हणून कोणी पंखा भंगारात देत नाही. कुकरची शिट्टी बिघडली म्हणून कुकर बदलत नाही. मग हजारो रुपयांच्या यंत्राला एका छोट्या भोकापायी रजा का द्यावी? हे भोक म्हणजे हेडफोनचा जॅक. तो घरी बदलता येतो का, येत असेल तर कसा, आणि कुठे हात आखडता घ्यावा, याचा आज थोडा विचार करू.

एवढ्याशा जॅकची मातबरी ती काय, असे कोणी म्हणेल. पण एका खोलीत चौघे राहून परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी पाहा. ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकायला त्याच्यापाशी साधा वायरचा इअरफोन असतो, आणि जॅक गेला की त्याचा वर्गच बंद पडतो. दुसरी गोष्ट आपल्या नभोवाणीची. ज्या फोनमध्ये एफ. एम. रेडिओ असतो, त्यात बहुधा इअरफोनची वायर हीच एरियलचे काम करते. वादळात, पुरात इंटरनेट बंद पडले तरी रेडिओ ऐकू यावा, म्हणून फोनमधली ही सोय बंद ठेवू नका, अशी सूचना केंद्र सरकारने 2023 साली उत्पादकांना केली होती. पण जॅक नादुरुस्त असेल तर असला रेडिओ बहुधा मुकाच राहणार!

आता या जॅकची घडण पाहू. त्याचा पूर्वज एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये सापडतो. ऑपरेटर ज्या जाड पिना फळीत खुपसून दोन माणसांची गाठ घालून देई, त्यांचेच हे धाकटे भावंड. फोनमधली पिन 3.5 मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर तीन काळे वा पांढरे पट्टे दिसतात, म्हणजे धातूचे भाग झाले चार. टोकाचा भाग डाव्या कानाचा, त्यामागचा उजव्या कानाचा, आणि उरलेले दोन म्हणजे सामाईक वायर व बोलण्याचा मायक्रोफोन. या शेवटच्या दोघांचा क्रम काही जुन्या फोनांत उलटा असे. त्यामुळे एका फोनवर उत्तम चालणारा इअरफोन दुसऱ्यावर पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो. त्यात जॅकचा काही दोष नसतो. भोकाच्या आत याच चार भागांना टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात, आणि शिवाय पिन आत आली हे फोनला कळवणारी एक कळ असते. स्प्रिंग सैल झाली की एक कान जातो. कळ दबलेली राहिली की इअरफोन काढला तरी फोनला तो लावलेलाच वाटतो, आणि स्पीकरमधून शब्द फुटत नाही.

मी तर्कशास्त्र शिकवतो. त्या शास्त्राचा पहिला धडा येथे फार उपयोगी पडतो : निदान आधी, उपाय मागाहून. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत व्हायची. प्रथम दुसरा, चांगला चालणारा इअरफोन लावून पाहा. तो नीट वाजला तर दोष तुमच्या इअरफोनचा; फोनला हातही लावू नका. दोन्ही वाजत नसतील तर फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. तरीही तेच, तर विजेरीच्या उजेडात भोकात डोकावा. खिशातल्या कापडाची लव आणि धूळ तळाशी दडपून बसते, आणि पिन पुरती आत जातच नाही. फोन बंद करून दात कोरायच्या लाकडी काडीने तो मळ हलकेच बाहेर ओढा. टाचणी वा सुई नको, कारण त्या नाजूक स्प्रिंगा वाकल्या की नसता बिघाड पदरी पडतो. काही वेळा शस्त्रक्रिया या काडीवरच भागते.

काडीने भागले नाही, पिन हलवली की आवाज येतो-जातो, आणि दोन-तीन इअरफोनांची साक्ष एकच निघते; तेव्हा जॅक गेला असे समजावे. पण तरी लगेच स्क्रूड्रायव्हर हाती घेऊ नका. आपल्या फोनात जॅक कसा बसवला आहे, हे आधी पाहायला हवे. त्याचे तीन प्रकार. पहिल्यात जॅक हा सुटा भाग असतो, एका लवचीक पट्टीने वा स्प्रिंगांनी मुख्य पट्ट्याला जोडलेला. दुसऱ्यात तो चार्जिंगच्या तोंडाबरोबर एकाच छोट्या पट्ट्यावर किंवा पट्टीवर असतो, आणि ते सारे एकदमच बदलावे लागते; आयफोन 6 मध्ये असेच होते. तिसऱ्यात तो मुख्य सर्किटवरच डाख लावून पक्का केलेला असतो. पहिले दोन प्रकार सावध माणसाला घरी जमण्यासारखे आहेत. तिसरा मात्र कारागिराकडे न्यावा. तिथे तापलेल्या हवेने डाख वितळवावा लागतो, आणि शेजारी मोहरीहून लहान भाग दाटीने बसलेले असतात. ज्याचे काम त्यानेच करावे, यात कमीपणा नाही.

सुटा भाग मागवताना फोनच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाचे दोन-तीन अवतार बाजारात असतात. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या सदराखाली जो मॉडेल क्रमांक असतो, तोच दुकानदाराला सांगा. वॉरंटी शिल्लक असेल तर फोन उघडण्याआधी तिचा लाभ घ्या. आणि भागाची किंमत फोनच्या आजच्या किमतीशी ताडून पाहा. नाकापेक्षा मोती जड होता कामा नये.

आता प्रत्यक्ष काम. आधी फोनमधल्या छायाचित्रांची आणि नंबरांची नक्कल दुसरीकडे ठेवा. बॅटरी पाव हिस्सा किंवा त्याहून कमी भरलेली असू द्या. फोन बंद करा, सिमकार्डाचा कप्पा बाहेर काढा. टेबलावर स्वच्छ सुती कापड अंथरा आणि त्याशेजारी एक कोरा कागद ठेवा. मागचे झाकण चिकटवलेले असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने कडा कोमट करा. हाताला सोसवेल इतक्याच. मग जुन्या प्लॅस्टिक कार्डाचा कोपरा फटीत सरकवून कडेकडेने फिरवा. सुरी चालवू नका आणि कार्डही खोल घुसवू नका, कारण काही फोनांत झाकणालाच बोटाचा ठसा ओळखणारी पट्टी जोडलेली असते.

झाकण निघाले की स्क्रू काढा, आणि प्रत्येक स्क्रू त्या कोऱ्या कागदावर फोनचे चित्र काढून त्याच जागी ठेवा. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण नाही! दोन स्क्रूंच्या लांबीत केसाएवढाच फरक असतो, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो खालचे सर्किट फोडतो. दुसऱ्या फोनने पायरीपायरीला छायाचित्र घेतले तर अधिकच बरे.

आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी प्लॅस्टिकच्या टोकाने उचलून सोडवा. त्यानंतरच इतर पट्ट्यांना हात लावा. काही जोडण्या सरळ वर उचलल्या की सुटतात, काहींना चिमुकली झडप असते. ती उघडल्याशिवाय पट्टी ओढू नका. मग जॅकचे स्क्रू काढून तो चिमट्याने उचला, नवा तेथे बसवा आणि पट्टी पूर्ववत जोडा. पुष्कळदा भोकाभोवती पाणी अडवणारी रबरी कडी असते, ती जुन्यावरून नव्यावर चढवायला विसरू नका. झाकण चिकटवण्यापूर्वी बॅटरी जोडून फोन सुरू करा. दोन्ही कान, मायक्रोफोन, पिन काढल्यावरचा स्पीकर, आणि चार्जिंग, अशा चारही गोष्टी तपासा. मग पुन्हा बंद करून झाकण लावा.

बॅटरीविषयी दोन शब्द कडकपणे सांगतो. ती लिथियमची असते. तिला टोचू नका, वाकवू नका, धातूच्या हत्याराने उचकटू नका. ती पेट घेते. उघडताना ती फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवा आणि जाणत्याच्या हाती द्या. दुसरे, पाण्यापासून सुरक्षित म्हणून घेतलेला फोन एकदा उघडला की तो गुण त्यात पूर्वीसारखा राहील असे धरून चालू नका.

हे सारे नकोसे वाटले तर चार्जिंगच्या तोंडात बसणारे छोटे जोडसाधन आहे, बिनवायरी इअरफोन आहेत. त्यांचा कमीपणा मानू नये. पण दुरुस्तीचा प्रश्न एका भोकापुरता नाही. विकत घेतलेली वस्तू उघडण्याचा आणि सांधण्याचा अधिकार कोणाचा, हा मूळ प्रश्न. हॉलंडमधल्या फेअरफोन कंपनीने 2019 साली काढलेल्या तिसऱ्या फोनबरोबर डब्यातच स्क्रूड्रायव्हर दिला, आणि जॅक व पुढचा कॅमेरा मिळून एक सुटा भाग केला. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नवे नियम लागू झाले. फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षे ठरावीक सुटे भाग मिळाले पाहिजेत असे ते सांगतात. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार खात्याने 2022 साली यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले.

पण कायद्याने हक्क मिळाला तरी सवय आपली आपणच लावून घ्यावी लागते. आपल्या आज्या गोधडी शिवीत, तेव्हा जुने लुगडे टाकून द्यायचे असते हे त्यांना ठाऊकच नव्हते. फोन उघडणे प्रत्येकाला जमेल असे नाही, आणि जमावे असा आग्रहही नाही. मात्र फेकून देण्यापूर्वी ‘नेमके बिघडले काय?’ हा प्रश्न विचारणे सर्वांना जमते. तो विचारायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर एका लाकडी काडीच्या टोकावर असते.