आधी सवाल, मग मत!



आपल्याकडे राज्यपाल नेमला जातो. अमेरिकेत तो जनता निवडते. १९३४ साली कॅलिफोर्नियात अप्टन सिंक्लेअर हे लेखक त्या पदाला उभे राहिले. म्हणाले, बंद कारखाने न् पडीक जमिनी बेकारांच्या हाती द्या. साठीपुढच्या गरजूंना महिना ५० डॉलर द्या. भांडवलवाले हादरले! सिनेमावाल्यांनी बनावट बातमीपटांत बेकारांचे लोंढे राज्यात शिरताना दाखवले. सिंक्लेअर पडले, तरी पावणेनऊ लाखांवर मतं मिळाली.

पैसा कुठून आणणार, हा सवाल रास्तच. पण भुताला भिऊन दिलेलं मत आपलं नव्हे. म्हणून आम्ही सांगतो: योजना काय, पैसा कुणाचा, लाभ कुणाला, हे उमेदवाराला तोंडावर विचारू, मगच मत देऊ!